दाराआड गेलेला फोटोवाला

आमच्या हॉस्पिटलात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे ‘हलूनका’ म्हणतात. एक्स-रेच्या खोलीत तो दिवसभर तेच बोलत असतो, श्वास घ्या, धरा, हलू नका. मग जाडजूड दाराआड जातो, बटण दाबतो, आणि आतून आवाज येतो, सोडा. तो शब्द ऐकला की माणसाचा जीव भांड्यात पडतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण सांगताना तो म्हणजे तोच. लॉन्ड्रीच्या मागच्या पायरीवर इतकी वर्षं एकत्र चहा प्यायल्यावर तेवढा हक्क मला आहे.

मी त्याच हॉस्पिटलची लॉन्ड्री सांभाळायचे. चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं, बाळांची दुपटी, सगळं माझ्या हाताखालून जायचं. माझ्या नाकावर राग असतो, हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्याला त्रास नको. चादरीवर शाईचा डाग दिसला की मी ती चादर घेऊन थेट वॉर्डात जायचे आणि पेन कोणाचं ते विचारूनच परत यायचे. मी जिन्यात दिसले की डॉक्टरसुद्धा पेनाला टोपण लावायचे.

आमची ओळख झाली ती माझ्या तोंडामुळे. लेक तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. एका सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात बघते तर डावा गाल खाली आलेला आणि डोळा उघडाच्या उघडा, मिटता मिटेना. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांची आपोआप बरी होते. त्या बहुतेकांत मी बसले नाही, एवढंच. त्या दिवशी मला डोक्याचा एक्स-रे काढायला पाठवलं. खोलीत एक नवीनच लागलेला किडकिडीत माणूस उभा. त्यानं दोन्ही हातांनी माझं डोकं धरून फळीला टेकवलं आणि म्हणाला, हलू नका.

मी म्हटलं, “अर्धं तोंड आधीच थांबलंय, उरलेलं मी धरते.”

तो हसला नाही. दाराआड गेला, बटण दाबलं, सोडा म्हणाला, आणि मग त्या दाराआडून हसण्याचा असा काही आवाज आला की बाहेर बाकावर बसलेले पेशंट उठून डोकावायला लागले. त्या वाईट दिवसात मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. तिथून आमची मैत्री.

हा माणूस मोठा मजेशीर. चेहरे त्याच्या लक्षातच राहत नाहीत. बाजारात कुणी हात केला तर हा बावळटासारखा बघत राहतो, आणि मग त्या माणसाचा खांदा बघून म्हणतो, तुमचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं ना, नीट बसलं का. गावातली निम्मी माणसं तो हाडांवरून ओळखतो. त्याची बायको म्हणते, लग्नानंतर कितीतरी दिवस हा मला गर्दीत शोधत माझ्याच शेजारी उभा राहायचा.

त्यानं एक जुना कॅमेरा घेतला आहे हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. कुणाकडे शिकला नाही, पुस्तक उघडलं नाही. सुट्टीच्या दिवशी घरातल्या घरात काहीतरी टिपत बसायचा. खिडकीतला पाण्याचा ग्लास, दाराला लटकवलेला टॉवेल, बायकोचे पीठ मळतानाचे हात. ती बिचारी केस विंचरून, पावडर लावून समोर येऊन बसली तर हा म्हणायचा, तू नको, नुसतं कोपर दे. लॉन्ड्रीत आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. मग एकदा पायरीवर चहा पिताना मी विचारलं, हे खूळ डोक्यात शिरलं कुठून.

तो कपात बघत म्हणाला, “आयुष्यभर माणसांचे फोटो काढले बाई, पण एकाही फोटोत चेहरा नाही.”

मी किटलीतला उरलेला चहा त्याच्या कपात ओतला. 

आता माझं आणि फोटोंचं सांगते. फोटो म्हटला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. फ्लॅश पडला की उजवा डोळा मिटतो आणि डावा टक्क उघडा राहतो. हसले की तोंड सगळं उजवीकडे पळतं आणि डावा गाल आपला जागच्या जागी. एका लग्नातल्या फोटोत मी स्वतःला तसं बघितलं आणि कानाला खडा लावला. मग कुठेही कॅमेरा निघाला की मी स्वयंपाकघरात. हसायला आलं की डावा हात आपोआप गालावर जातो, आता तर मला कळतही नाही. लेकीचे वाढदिवस, शाळा, तिचं लग्न, सगळ्याचे अल्बम घरात आहेत. त्यांत मी नाही. असले तर पाठमोरी, नाहीतर गालावर हात. बाहेरच्या खोलीत माझा एकच फोटो टांगलेला आहे, तोंड धड होतं तेव्हाचा.

लेक लहान असताना माझ्या गालावर हात ठेवून झोपायची. आणि नेमका डावा गाल. मला ते सहन व्हायचं नाही. मी तिचा हात उचलून चांगल्या गालावर ठेवायचे, तर झोपेतच तो परत डावीकडे यायचा. मला वाटायचं, पोरीला माझी कीव येते. एवढ्याशा पोरीला कसली आली आहे कीव, पण माझं डोकं तेव्हा तसंच चालायचं. शेवटी मी नाद सोडला.

माझ्या निवृत्तीचे दिवस आले, आणि त्याच सुमाराला जावयाला दूरच्या देशात नोकरी लागली. लेकही जाणार. पुन्हा कधी येणार ते त्यांनाच माहीत नव्हतं. हॉस्पिटलातल्या मंडळींनी ठरवलं की रविवारी दुपारी माझ्याच घरी जमायचं, केक कापायचा, चहा-वेफर्स, गप्पा. लेक मदतीला म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, मला तुझा एक फोटो हवा, हसतानाचा, तिकडे न्यायला. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

ती म्हणाली, “ती बाई छान आहे गं, पण मी तिला ओळखत नाही. मला माझी आई हवी.”

खरं होतं तिचं. तोंड गेलं तेव्हा ती इतकी लहान होती की आधीचा चेहरा तिला आठवतच नाही. मी नेहमीप्रमाणे उडवून लावलं, म्हटलं, समोर बघ आणि डोळे मीट, झाला फोटो. तर ती रडायला लागली. माझी लेक माझ्यावर गेली आहे, सहजासहजी रडत नाही. म्हणाली, फोनवर व्हिडिओ लावला तर तू मला छताचा पंखा दाखवतेस. मी तिकडे काय पंखा आठवत बसू? आमचे हे कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांनी पान उलटायचं थांबवलं. मी म्हटलं, बरं, बघू.

बघू म्हटलं की तिनं लगेच धरलं. माझ्या अपरोक्ष हलूनकाकडे गेली आणि त्याला गळ घातली. त्याची पाचावर धारण बसली. त्यानं कधी माणसांनी भरलेली खोली टिपली नव्हती, आणि त्यात माझा चेहरा, म्हणजे दुष्काळात तेरावा महिनाच. पण लेकीनं त्याला सांगितलं, काका, तुमच्याशिवाय ती कुणासमोर बसणार नाही. हे मात्र खरं होतं. माझं तोंड त्यानं पहिल्याच दिवशी दोन्ही हातांत धरलं होतं, त्याच्यापासून आता काय लपवायचं?

शनिवारी संध्याकाळच्या आधीच तो घरी आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की स्वारीचं काहीतरी बिनसलंय. बाहेरच्या खोलीत मधोमध उभा राहिला आणि स्वतःचा तळहात पुढे करून उलटासुलटा फिरवायला लागला. दोन पावलं सरकायचा, परत हात फिरवायचा. मी विचारलं, हाताला काय झालं? म्हणाला, उजेड बघतोय. म्हटलं, उजेड वर आहे, ट्यूबलाइटमध्ये. त्यानं मला ट्यूबखाली उभं केलं आणि माझा हात पुढे करायला सांगितला. बघते तर हात राखेच्या रंगाचा, सपाट, कुणाचाही असावा असा. मग त्यानं ट्यूब बंद केली, खिडकीचे पडदे बाजूला सारले आणि मला खिडकीपासून थोडं अलीकडे आणलं. म्हणाला, आता बघा.

समोरच्या इमारतीची मोठी पांढरी भिंत आमच्या खिडकीसमोर आहे. त्या भिंतीमुळे घरात काही दिसत नाही, म्हणून मी आयुष्यभर तिच्या नावानं बोटं मोडली. त्या वेळी उन्हं त्या भिंतीवर होती आणि तिथून उजेड परतून आमच्या खोलीत येत होता. मऊ, जरासा पिवळसर, सगळीकडे सारखा नाही, एका बाजूनं. त्या उजेडात माझ्या हातावरची शीर न् शीर वर आली. साबणानं झिजलेली बोटं, मनगटाजवळ इस्त्रीनं भाजल्याचा जुना डाग. हात माझाच, रोज बघते, पण असा कधी बघितला नव्हता. रोज या वेळी मी स्वयंपाकघरात ट्यूब लावून उभी असायचे, आणि इकडे बाहेरच्या खोलीत हे चाललेलं असायचं, रोज.  आत गॅसवर दूध उतू गेलं ते मला कळलंसुद्धा नाही.

मग तो हळूहळू सांगायला लागला. फ्लॅश नको, फ्लॅश म्हणजे तोंडावर मारलेलं पाणी, कुणीही दचकेल. ट्यूब नको. खिडकीचा उजेड आणि एक पिवळा बल्ब, तोही छताकडे तोंड करून. पण घरातला उजेड कितीही म्हटलं तरी कमीच, तेव्हा कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागणार. तेवढ्या वेळात जे हलेल ते पुसल्यासारखं होईल आणि जे स्थिर राहील तेच येईल.

मी म्हटलं, “म्हणजे माझ्या डाव्या डोळ्यासारखा.”

तो म्हणाला, “हो, तसाच.” कुठे चाचरला नाही, की नजर फिरवली नाही. इतक्या वर्षांत या एकाच माणसानं माझ्या डाव्या डोळ्याबद्दल काही न वाटता हो म्हटलं असेल.

अर्थात नंतर भांडण झालंच. त्याला पडदे काढून हवे होते आणि मला समोरच्या गच्चीवरच्यांना आमचा केक दाखवायचा नव्हता. शेवटी पडदे निघाले. आमच्या ह्यांची उंच पाठीची आरामखुर्ची त्यानं खिडकीशी तिरकी लावली आणि बजावलं की उद्या ती तसूभरही सरकवायची नाही. सरकवली असती तरी त्याला कळलं असतं, कारण चारी पायांशी त्यानं खडूनं खुणा केल्या होत्या, माझ्या पुसलेल्या फरशीवर.

रविवारी मंडळी आली. मेट्रनबाई, माझ्या लॉन्ड्रीतल्या सगळ्या पोरी, स्टोअरवाले, अँब्युलन्सचा ड्रायव्हर. हलूनकानं ट्यूब बंद ठेवली होती, त्यामुळे जो येईल तो आधी विचारायचा, लाइट गेली का. ड्रायव्हर तर स्टूल घेऊन फ्यूज बघायला चढला होता. कोपऱ्यात कॅमेरा उभा होता सलाईनच्या जुन्या स्टँडवर. भंगारात निघालेला तो स्टँड त्यानं रीतसर मागून घेतला होता, चाकं काढली होती आणि वर बाटलीच्या जागी कॅमेरा आवळून बसवला होता. स्टोअरवाले म्हणाले, कॅमेऱ्याची तब्येत बरी नाही वाटतं. सगळे खिदळले, पण हलूनकाचं लक्षच नव्हतं. तो घामानं निथळत होता.

सुरुवातीचे फोटो काय वर्णावे. केकचा काढला त्यात केक सोडून सगळं. माझ्या पोरींचा काढला त्यात सगळ्यांचे गळे आले, डोकी नाहीत. मेट्रनबाईंना उभं केलं आणि सवयीनं म्हणाला, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या. हॉस्पिटलात जन्म काढलेली माणसं ती. मागच्या सगळ्यांनीही मुकाट्यानं हनुवट्या वर केल्या आणि खांदे पुढे आणले. फोटोत सगळे छातीच्या एक्स-रेला आल्यासारखे दिसत होते. मी कपाळावर हात मारून घेतला.  लेक मात्र मधूनमधून खिडकीकडे बघायची, कारण समोरच्या भिंतीवरचं ऊन वर वर सरकायला लागलं होतं, आणि माझा फोटो अजून एकही झाला नव्हता. मी काही ना काही कारण काढून आत पळत होते, दर वेळी.

शेवटी हलूनका स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि हळूच म्हणाला, बाई, उजेड चालला. एवढंच. त्याच्या आवाजात असं काही होतं की मी हातातला कप ठेवला आणि निमूटपणे जाऊन खुर्चीत बसले. सगळे माझ्या मागे, बाजूला गोळा झाले. त्यानं माझं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकवायला सांगितलं. लेक खुर्चीच्या हातावर माझ्या डाव्या बाजूला बसली आणि तिनं माझा डावा हात घट्ट धरला. प्रेमानं नव्हे, मला माहीत आहे. तो हात गालावर जाऊ नये म्हणून.

आता पुढचं नीट ऐका. कॅमेऱ्याला हात लागला की तो स्टँड लटपटायचा, म्हणून हलूनकानं त्याला वेळ लावून ठेवला, म्हणजे बटण दाबल्यावर जरा थांबून कॅमेरा आपला आपण फोटो काढेल. बटण दाबलं. आमच्याकडे वळून म्हणाला, श्वास घ्या, धरा, हलू नका. आम्ही सगळ्यांनी धरला. आणि हा माणूस शांतपणे चालत गेला, स्वयंपाकघराच्या दाराआड शिरला आणि दार लोटून घेतलं.

क्षणभर कुणाला काही समजेना. मग लक्षात आलं. बिचाऱ्यानं आयुष्यभर तेच केलं होतं. हलू नका म्हणायचं, दाराआड जायचं, मग सोडा म्हणायचं. पाय त्याला आपोआप घेऊन गेले होते. स्वतःच्याच कॅमेऱ्यापासून लपून हा आमच्या पिठाच्या डब्याशेजारी उभा होता, आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे श्वास धरून बसलो होतो. मागे कुणीतरी नाकातून आवाज केला. दाराची फट जराशी मोठी झाली आणि त्यातून त्याचं नाक बाहेर आलं, फोटो निघाला का बघायला.

मेट्रनबाई पहिल्या फुटल्या. वॉर्डात ज्यांच्या नुसत्या चपलेच्या आवाजानं पेशंट गोळ्या गिळायचे, त्या मेट्रनबाई ड्रायव्हरच्या खांद्यावर पडून हसायला लागल्या. मग सगळी खोलीच फुटली. मला हसू आलं ते पोटातून आलं. हात वर न्यायला गेले तर लेकीनं सोडला नाही. मी तशीच हसत राहिले, डोकं मागे टेकलेलं, तोंड उघडं टाकून. आणि त्या गोंधळात कधीतरी कॅमेऱ्यानं त्याचा तो लांबलचक डोळा उघडला आणि मिटला.

हलूनका बाहेर आला, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत वाकून बघितलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला. सगळं हललंय, म्हणाला. मी बघायला गेले तर त्यानं काच हातानं झाकली. पुन्हा बसा म्हणाला, पण तोपर्यंत भिंतीवरचं ऊन गेलं होतं. पुढचे फोटो काळेच आले. जाताना केक न खाता गेला. लेकीला म्हणाला, बाळ, माझ्याच्यानं नाही झालं. ती म्हणाली, असू दे काका, पण दार लावून आल्यावर बराच वेळ ती रिकाम्या आरामखुर्चीशेजारी उभी होती. मला तेव्हा वाईट वाटलं हे मी सरळ सांगते. इतकी वर्षं मी फोटोपासून पळाले, आणि ज्या दिवशी पळाले नाही त्या दिवशी फोटो पळाला.

पुढचे काही दिवस तो माझ्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. दोन-चार कागदांवर सह्या करायला मी हॉस्पिटलात गेले तेव्हा पायरीवर चहा घेऊन बसले, तर स्वारी एक्स-रेच्या खोलीतून बाहेरच येईना. पण माझी लेक कोणाची? ती त्याच्या घरी जाऊन बसली आणि सगळे फोटो दाखवल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. त्यानं दाखवले. एकावर तिनं बोट ठेवलं. तो म्हणाला, हा तर मी पुसून टाकणार होतो.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा. हातात मोठं तपकिरी पाकीट, आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे देतात तसलंच. बाहेरच्या खोलीत बॅगा उघड्या पडल्या होत्या, लेक त्यात कपडे कोंबत होती. तो आत येईना. उंबऱ्यावरूनच म्हणाला, हिनं सांगितलं म्हणून मोठा छापून आणलाय, तुम्ही फेकून दिलात तरी चालेल. मी पाकिटातून तो बाहेर काढला आणि सवयीनं खिडकीच्या उजेडाकडे वर धरला.

तो म्हणाला, “बाई, आरपार नाही, समोरून बघायचा.”

मी खाली धरला आणि बघितला.

सगळे पुसले गेले होते. मेट्रनबाई म्हणजे नुसता एक पांढरा पट्टा. ड्रायव्हरला डोकं नव्हतं. आमच्या ह्यांचा फक्त चष्मा चमकत होता. लेकीचा चेहरा हसून हसून विरघळलेला, पण माझा हात धरलेली तिची मूठ स्पष्ट, बोटांची नखं मोजावीत इतकी स्पष्ट. आणि त्या सगळ्या धुक्याच्या मधोमध मी. माझा डावा गाल, डावा डोळा, अगदी लख्ख. पापणीचा केस न् केस, कपाळाजवळचा पांढरा केस, उघड्या डोळ्यात हसून आलेलं पाणी, आणि त्या पाण्यात खिडकी. नाकाच्या पलीकडे उजवी बाजू मात्र हलत होती. ओठ, गाल, मिटलेला डोळा, सगळं एकमेकांवर सांडलेलं. ते हसू फोटोत थांबलेलंच नव्हतं. ते अजून चालू होतं. मी बघत असताना चालू होतं.

 मी माझं हसू कधी बघितलंच नव्हतं. आरशासमोर कोण असं हसतं? इतकी वर्षं मला वाटायचं की माझी डावी बाजू मेली आहे. ती मेली नव्हती. अर्धी मी हसत होते आणि अर्धी मी स्वस्थ बसून ते सगळं बघत होते, मेट्रनबाई, पोरी, खिडकी, दाराच्या फटीतलं ते नाक. एका चेहऱ्यात दोन्ही. आणि हे दाखवलं कुणी, तर ज्याला चेहरे लक्षात राहत नाहीत त्यानं, तेही दाराआड उभं राहून. तो उंबऱ्यावरून पुटपुटत होता, मला जायचं नव्हतं बाई दाराआड, पाय गेले. 

लेकीनं फोटो माझ्या हातातून घेतला. मांडीवर ठेवला. आणि तिचा हात सरळ गेला तो फोटोतल्या डाव्या गालावर. लहानपणी ठेवायची तसाच, बोटं कानाकडे.

मी म्हटलं, लहानपणापासून तुला हाच गाल का लागतो गं.

ती म्हणाली, “हा हलायचा नाही, आई. उजव्या गालावर हात ठेवला की तू बोलायचीस, नाहीतर कुणाला तरी ओरडायचीस, तो हलायचा आणि मी जागी व्हायचे. ह्याच्यावर झोप लागायची.”

तिनं फोटो पुन्हा पाकिटात घातला आणि बॅगेत सगळ्यात मऊ कपड्यांच्या मध्ये ठेवला. मी तशीच उभी होते. किती वेळ, कोण जाणे. उंबऱ्यावरून हलूनकाचा आवाज आला, अगदी हळू.

“बाई, सोडा.”

मी श्वास धरून ठेवला होता हे मला तेव्हा कळलं. मी सोडला, आणि त्या दोघांसमोर, गालावर हात न ठेवता, मनसोक्त रडून घेतलं.